माळाचे मोल

फलटणहून दहिवडीकडे जाणारी एस. टी. मोगराळे घाट चढून वर आली, की खिडकीतले चित्र पालटते. खाली उसाचे हिरवे फड, कालव्याचे पाणी, केळीच्या बागा. आणि वर उघडा माळ. मुरमाड जमीन, मधूनच एखादे बोर किंवा हिवर, तरवडाची पिवळी फुले आणि नजर पोचेल तिथवर गवत. इथे आले की आपण बहुतेक जण खिडकीबाहेरची नजर काढून घेतो. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणतात, "काय उजाड मुलूख आहे हो!" आणि आपणही मान डोलावतो.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या उजाड म्हटल्या जाणाऱ्या मुलखाविषयी, आणि त्यावर हातात काठी नि खांद्यावर घोंगडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाविषयी. तो माणूस तुम्ही पाहिलेला आहे. त्याच्या मेंढरांमुळे तुमची गाडी रस्त्यात पाच मिनिटे थांबलीही असेल. पण तो तिथे काय करीत असतो, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? "मेंढरे चारतो, दुसरे काय?" असे तुम्ही म्हणाल. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो.

प्रथम शब्दाचीच गोष्ट घेऊ. आपल्या भाषेत जमिनीला नावे थोडी नाहीत. काळी, तांबडी, बरड, चोपण, मुरमाड अशी कितीतरी. पण सातबाऱ्याचा उतारा काढून पाहा. पिकाखालच्या क्षेत्राला तिथे मानाची जागा असते, आणि जिथे नांगर चालत नाही ते सगळे एका शब्दात जाते: 'पोटखराब'. आता खराब म्हणजे कोणाच्या दृष्टीने खराब? नांगराच्या दृष्टीने, आणि सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने. इंग्रजी अमदानीत जी जमीन सारा देत नाही ती 'पड', असा हिशेब बसला. राज्य गेले, हिशेब मात्र राहिला. २०१९ साली केंद्र सरकारने देशातल्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ५ लाख ५७ हजार चौरस किलोमीटर जमीन पडीक दाखवली आहे. देशाच्या क्षेत्रफळाचा हा जवळजवळ सहावा हिस्सा झाला. त्यात वाळवंट आहे, बर्फाचे डोंगर आहेत. पण झुडपी राने आणि खालावलेली चराऊ कुरणेही त्याच यादीत आहेत.

शब्द नुसता शब्द राहत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. माणसाला एकदा 'रिकामटेकडा' म्हटले, की त्याच्यावर कोणीही काम लादायला मोकळा. जमिनीचेही तसेच आहे. एकदा ती पडीक ठरली, की तिच्यावर कारखाना घाला, झाडे लावा, वीज बनवणारे सौर पत्रे अंथरा, नाहीतर आपल्या शेताचा बांध हळूच पुढे सरकवा. कोणाला काही वाटत नाही. रिकामीच तर होती!

पण ती रिकामी होती का? हे पाहण्यासाठी थोडे पावसाकडे वळावे लागेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका लागतो, आणि तिथे पाऊस जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि पलीकडे नुसता वारा येतो. त्यात जमीन अशी, की वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. अशा ठिकाणी घनदाट रान वाढत नाही. तिथे वाढते ते गवत. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी गवत, कुसळी अशा त्याच्या जाती. आणि मधून विरळ बोरी-बाभळी.

"पूर्वी इथे जंगल होते, लोकांनी तोडले म्हणून माळ झाला," असे आपण शाळेपासून ऐकत आलो. काही जागी ते खरे असेलही. पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन संशोधकांनी जुने मराठी वाङ्मय चाळले. चरित्रे, आख्याने, लोकगीते यांतून पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांची आणि तिथल्या झाडाझुडपांची वर्णने त्यांनी वेचून काढली. निघाले असे, की त्या वर्णनांतली बहुतेक झाडे दाट जंगलाची नव्हेत. उघड्या, गवताळ, काटेरी रानाची आहेत. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही आपला माळ माळच होता. तो बिघडलेले जंगल नाही. तो आपल्या जागी, आपल्या रूपात उभा आहे.

आता या गवताची एक खुबी सांगतो. झाडाचा शेंडा खुडला तर झाडाची उंची खुंटते, कारण वाढीचा कोंब शेंड्याला असतो. गवताचा कोंब असतो बुडाशी, मातीला लागून. म्हणून वरची पाती जनावराने खाल्ली तरी गवत पुन्हा फुटते. खाल्ले जाणे हे त्याच्या आयुष्यक्रमातच बसलेले आहे. आणि वर जेवढे दिसते त्याहून अधिक ते खाली असते. तंतूंसारख्या मुळांची दाट जाळी माती धरून ठेवते. वळवाची सर आली की पाणी धावत सुटत नाही. गवताच्या बुडख्यांत अडते, मुरते आणि मग खालच्या ओढ्यात, विहिरीत उतरते. हवेतला जो कार्बन आज साऱ्या जगाला काळजीत टाकतो आहे, तोही गवत मुळांवाटे मातीत साठवते. वणवा लागला तर वरचे पान जळते, खालचा ठेवा राहतो. त्या ठेव्याला हात लागतो तो नांगराचा नाहीतर जमीन उकरणाऱ्या यंत्राचा.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी मास्तरकी करीत होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर झाडे लावायला गेलो. उत्साह दांडगा! पोरांनी दोन दिवसांत शेकडो खड्डे घेतले. गवत उपटले, ढेकळे बाहेर काढली, रोपे लावली, फोटो काढला. पुढच्या उन्हाळ्यात जाऊन पाहिले, तर दहा-बारा रोपे कशीबशी जीव धरून होती. बाकी नुसते खड्डे. मी मनाशी म्हटले, मेंढरांनी खाल्ली असणार. आणि तसे बोलूनही दाखवले.

ते बोललो एका म्हाताऱ्या मेंढपाळासमोर. त्याचा वाडा त्याच माळाच्या कडेला होता. वाडा म्हणजे चिरेबंदी घर समजू नका. धनगरांचा वाडा म्हणजे पाच-सात बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या असा चालता संसार. दिवस कार्तिकाचे होते. संध्याकाळ झाली होती. मेंढरांभोवती वाघूर लावून झाली होती. वाघूर म्हणजे खुंट्यांना ताणून बांधलेले दोरीचे जाळे. तेच त्यांचे रात्रीचे कुंपण. आतून कोकरांचा आणि आयांचा एकच गलका चालला होता.

"बसा मास्तर," म्हातारबा म्हणाले, आणि घोंगडे टाकले. माझे गाऱ्हाणे त्यांनी ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, "मेंढरांनी खाल्ली असत्याल चार. न्हाई म्हनत न्हाई. पर बाकीची वाळली. खाली खडक हाय, मुळी जानार कुठं? आन एक इचारू का? राग मानू नगा. तुमी जितं खड्डं घेतलं, तितं पवन्या व्हता. चांगला गुडघाभर. त्यो का उपटला?"

मला उत्तर देता येईना. पवन्या कोणता आणि कुसळी कोणती, हेच मला ठाऊक नव्हते. गावाचा मास्तर मी, आणि गावाबाहेरच्या गवताचे नाव मला येत नव्हते! त्या खड्ड्यांच्या जागी पुढे काही वर्षे कुसळीच माजली. कुसळीचे टोकदार बी मेंढराच्या लोकरीत नि कातडीत रुततात, म्हणून ती पिकली की जनावर तिला टाळते.

"मग आजोबा," मी विचारले, "तुमच्या तीनशे मेंढरांनी माळ संपत कसा नाही?"

म्हातारबा हसले. म्हणाले, "गवात म्हंजी दुभती गाय हाय, मास्तर. सगळं दूध काढून घेतलं तर वासरू मरतंय. थोडं वासराला ठिवावं लागतंय. आज हितं चारलं, उद्या वड्याच्या पल्याड. चारल्याल्या जागंवर लगीच परत न्यायचं न्हाई. आन दिवाळी झाली की आमी हितनं जातोच की. मागं गवात आन त्याचं बी. त्यांचं त्यांनी बघावं."

श्रोतेहो, मेंढपाळाची सारी विद्या या बोलण्यात आली. माळ राखायचा तो कुंपण घालून नव्हे, तर वेळेवर तिथून उठून जाऊन. आपण समजतो की मेंढपाळ भटकतो, कारण त्याला घर नाही. खरे उलटे आहे. तो जातो म्हणून त्याचे घर, म्हणजे तो माळ, टिकतो.

त्याचे वर्ष कसे जाते ते पाहा. मृगाच्या आगेमागे मेंढरे आपल्या गावी येतात. कोकणात तेव्हा धोधो पाऊस. चिखलात मेंढराचे खूर कुजतात, लोकर भिजून जनावर आजारी पडते. उलट आपल्या देशावरच्या माळाला तेव्हा कोवळी हिरवळ आलेली असते. पावसाळाभर मेंढरे इथे फिरवून चारायची. दसरा-दिवाळी झाली, गवत पिवळे पडून त्याचे बी झडू लागले, की वाडा हलतो. कोणी मावळ-भोरच्या अंगाने घाट उतरून कोकणात जातो, कोणी पारनेर-संगमनेरकडून ठाण्या-रायगडाच्या बाजूला, कोणी कालव्याखालच्या बागाईत भागात. घोड्यावर संसार, वर कोंबड्यांची डालगी आणि कधी एखादे तान्हे मूल. पुरुष मेंढरांमागे रानातून चालतात. बायका घोडी घेऊन रस्त्याने पुढे जातात, पाणी पाहून तळ टाकतात, चूल पेटवतात, अशक्त कोकरे सांभाळतात. या कारभारणीशिवाय वाडा एक दिवस चालणार नाही.

आणि वाटेत हे लोक नुसते खात जातात का? शेतकऱ्याला विचारा. भात कापून झाले, ज्वारी निघाली, की तो मेंढपाळाची वाट पाहतो. "दोन रात्री माझ्या रानात बसवा," म्हणतो, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. शेतात मेंढरे बसवणे हा आपल्याकडचा जुना व्यवहार आहे. रात्रभरात लेंड्या आणि मूत जमिनीत पडते. ना गाडीभाडे, ना खत पसरण्याची मजुरी. लेंडीखताचा गुण दोन-तीन पिकांपर्यंत पुरतो, असे शेतकरी सांगतात. मेंढराने कापणीनंतर उरलेला पाला, बांधावरचे तण खायचे आणि त्याचे खत करून तिथेच द्यायचे. माळाचा आणि मळ्याचा हा सौदा चारा आणि खत यांचा आहे. त्याची कुठल्या बाजारसमितीत नोंद होत नाही, म्हणून आपल्याला तो दिसत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातल्या मेंढ्यांची संख्या २७ लाखांच्या आसपास भरली. शेळ्या एक कोटीहून अधिक. दख्खनी मेंढी अंगाने लहान; पण दुष्काळात तगणारी आणि मैलोगणती चालणारी. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी तिच्याहून उंच आणि मांसाला चांगली. खिल्लार बैल घ्या. माणदेश, आटपाडी, सांगोला या कमी पावसाच्या मुलखातच ही जात घडली. धाराशिव म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद भागातली उस्मानाबादी शेळी घ्या. ही सगळी जनावरे माळाने आणि माळावरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवली. हे त्यांचे शास्त्रीय कार्यच म्हणायचे. फक्त त्यावर निबंध लिहिला गेला नाही.

आपल्या दैवतांनाही हे ठाऊक होते. जेजुरीच्या खंडोबाची कथा घरोघर सांगतात. म्हाळसा वाण्याची लेक, आणि बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव जेजुरीचा गड सोडून गेला आणि धनगराच्या घरी चाकर म्हणून मेंढरे राखीत राहिला. राजाने गड सोडून काठी हातात घ्यावी, एवढा त्या काठीचा मान आपल्या पूर्वजांनी मानला. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी तर महाराष्ट्रात येऊन बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या मागे वर्षानुवर्षे वाड्यांतून हिंडून धनगरांच्या ओव्या टिपून घेतल्या. आपण आपल्या खिडकीतून नजर काढून घेत होतो, तेव्हा परमुलखातला एक माणूस त्या घोंगड्यावर बसून ऐकत होता!

माळावर मेंढरांखेरीज आणखीही रहिवासी आहेत. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी हे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी झाले. बारामतीजवळ सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथे चिंकारा दिसतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. माळढोक म्हणजे मोरासारखा मोठा, गवतात डौलाने चालणारा पक्षी. देशात आज त्याची संख्या दोनशेहूनही कमी उरली आहे आणि नान्नजला तो दिसणे आता फार दुर्मिळ झाले आहे. लांडगाही माळाचाच. सबंध देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. म्हणजे आपण ज्याच्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा करतो, त्या वाघाहूनही कमी. वाघ राहतो रानात, म्हणून त्याचे रान आपण राखले. लांडगा राहतो पडीक जमिनीत. त्याचे घर कोण राखणार?

म्हातारबांना मी लांडग्याविषयी विचारले होते. म्हणाले, "नेतोय की वर्साला एक-दोन कोकरू. त्याचंबी प्वाट हाय. आमी राखन करायची, त्यानं डाव साधायचा. माळ दोघांचाबी हाय." सगळेच मेंढपाळ असे बोलतील असे मी म्हणत नाही. ज्याची पाच कोकरे एका रात्रीत गेली, तो रागावणारच. आणि भरपाईसाठी त्याला खेटे घालावे लागू नयेत. पण हा माळ आपल्या एकट्याचा नव्हे, ही समज मला त्या वाड्यावर प्रथम भेटली.

आता दुसरी बाजू. मेंढपाळ म्हणजे साधुसंत, असे चित्र मी रंगवू इच्छीत नाही. मेंढरे उभ्या पिकात शिरतात, भांडणे होतात. एकाच जागी जनावरे फार दिवस राहिली तर माळ उघडा पडतो, हेही खरे. आधी मारवेल-पवन्यासारखी गोड गवते जातात, मग कुसळी येते, आणि शेवटी उघडा मुरूम राहतो. असे माळ मी पाहिले आहेत. पण तिथे मेंढरे जास्त दिवस का राहिली, हे विचारा. कारण पुढची वाट बंद झाली होती. काल जिथे शंभर एकर गायरान होते तिथे आज वीस एकर उरले. पण मेंढरे तेवढीच. उरलेल्या वीस एकरांवर सगळा भार आला, आणि आपण दुरून म्हणालो, "पाहा, मेंढरांनी माळ खाल्ला!" माळ आधी कोणी खाल्ला, ते आपण पाहिले नाही.

माळाचे हे खाणे निरनिराळ्या तोंडांनी चालते. पाण्याची सोय झाली की माळ फोडून शेत होते. त्या शेतकऱ्याला तरी नावे कशी ठेवावी? गायरानात अतिक्रमण होते. गावकीच्या जमिनींवरची अतिक्रमणे काढावीत, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत दिला. तरी अतिक्रमणे थांबली नाहीत. वसाहती येतात, पवनचक्क्या येतात, सौर पत्र्यांची शेते येतात. आणि सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे, निसर्गावरच्या प्रेमापोटी झाडेही येतात. निलगिरी, गिरिपुष्प यांच्या रांगाच्या रांगा चांगल्या गवताच्या उरावर उभ्या राहतात. त्यांच्या सावलीत माळाचे गवत नीट वाढत नाही, माळढोक फिरकत नाही, आणि मेंढपाळाला पाटी दिसते, 'चराईस बंदी'. मी लावलेली रोपे वाळली, हे एका अर्थी बरेच झाले म्हणायचे.

कायदा मेंढपाळाच्या बाजूने अगदीच नाही असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे. पण हा हक्क मिळवायला गावात राहून अर्ज करावा लागतो, पुरावे द्यावे लागतात, सभेला हजर राहावे लागते. जो आठ महिने वाटेवर आहे, त्याने हे कधी करावे? आपली सारी व्यवस्था बसून राहणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. शिधापत्रिका घराच्या पत्त्यावर, शाळा घराजवळ, जनावरांचा दवाखाना तालुक्याला. चालणाऱ्या माणसासाठी आपण फारसे काही मांडून ठेवलेले नाही.

या गोष्टी केवळ आपल्याच मुलखात घडतात असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या एका अहवालाप्रमाणे पृथ्वीच्या जमिनीपैकी ५४ टक्के भाग चराऊ रानांचा आहे, आणि त्यातला निम्म्यापर्यंत भाग खालावत चालला आहे. मंगोलियाच्या पुढाकाराने २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरवले. जगाने मेंढपाळाचे नाव घेतले ही चांगलीच गोष्ट आहे. पण न्यूयॉर्कला झालेला ठराव मोगराळ्याच्या माळावर कसा पोचणार? तो आपल्यालाच पोचवावा लागेल.

तर मग काय करावे? मला मोठ्या योजना सुचत नाहीत. चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, गावाने आपल्या गायरानाची हद्द माहीत करून घ्यावी आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. जे मोजलेले असते ते सहजासहजी हरवत नाही. दुसरी, काही भाग दरवर्षी पाळीपाळीने बंद ठेवावा. कुरण राखण्याची रीत आपल्याला नवी नाही. दसऱ्यापर्यंत विळा आणि जनावर आत जाऊ द्यायचे नाही, हा नियम कित्येक गावे पाळीत असत. गवताने बी टाकले की मग कापणी. तिसरी, झाडे जरूर लावावीत. पण आधी मेंढपाळाला विचारावे, की इथे काय होते? ओढ्याच्या काठी, बांधावर, गावठाणात झाडे हवीतच. गवताच्या जागी गवत असू द्यावे. आणि चौथी, मेंढरांच्या जुन्या वाटा आणि पाणवठे मोकळे ठेवावेत, आणि त्या वाटांवर लसीकरणाची नि मुलांच्या शिक्षणाची सोय वाड्याच्या पावलांनी चालावी.

हे कशासाठी, ते त्या रात्रीच्या शेवटच्या बोलण्यावरून मला समजले. जेवणे झाली होती. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मेंढीचे घट्ट दूध. म्हातारबांचा नातू शेकोटीपाशी पेंगत होता. मी म्हटले, "हा पुढे मेंढरे राखणार का?"

म्हातारबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचा बाप म्हंतोय, इकून टाकू. औंदा वाटंवर दोन जागी तारा घातल्यात. लांबनं वळून जावं लागलं. दोन मेंढ्या मोटारीखाली गेल्या. लोकरीला कातरनावळबी सुटत न्हाई. पोराला साळंत घालायचं म्हंतोय. घालावं. मी न्हाई म्हनत न्हाई. पर मास्तर, आमी ग्येल्यावर हे गवात वळखनार कोन?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. नातवाने शिकावे, हे मास्तर म्हणून मी सांगणारच. पण शिकायचे म्हणजे आजोबांजवळ जे आहे ते टाकून द्यायचे, असा सौदा त्याच्यावर का लादावा? तो शिकून पशुवैद्य होईल, गवताचा अभ्यासक होईल, नाहीतर चांगला मेंढपाळच होईल. त्यासाठी तो माळ मात्र तिथे असला पाहिजे. माळ गेला तर त्याला शिकवायला कुठले पुस्तक पुरणार नाही. आणि मेंढपाळ गेला तर माळ उरूनही आपल्याला तो ओळखता येणार नाही.

त्या रात्री मी वाड्यावरच झोपलो. पहाटे उठलो तेव्हा वाघुरी गुंडाळून झाल्या होत्या, घोड्यांवर संसार चढला होता आणि मेंढरे पश्चिमेच्या वाटेला लागली होती. जिथे रात्री तीनशे जीव बसले होते, तिथे सकाळी लेंड्यांचा थर, विझलेल्या तीन चुली आणि गवतात उमटलेली खुरांची नक्षी, एवढेच उरले होते. मी जवळ जाऊन पाहिले. चारलेल्या गवताच्या बुडाशी हिरवे कोंब तसेच होते. वासराचे दूध ठेवलेले होते.

तर कधी त्या घाटाने जाल, तेव्हा खिडकीतून नजर काढून घेऊ नका. शेजारचे गृहस्थ म्हणतील, "काय उजाड मुलूख आहे हो!" त्यांना म्हणावे, "उजाड नाही. इथले लोक दिवाळीला उठून गेलेत. मृगाला परत येतील." आणि त्यांना परत येता यावे, एवढी वाट आपण उघडी ठेवू या.